खांबाशिवाय वळायचं न्हाई

आधी क्षमा मागतो. आमच्या घरात आजवर कोणी काही लिहिलेलं नाही. आबा मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, हमाली करतात, आईला सही येते, आणि कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. ‘माझा आवडता खेळाडू’ असा निबंध मी परीक्षेत दोनतीनदा लिहिला आहे, पण तो खेळाडू मी कधी पाहिलेला नव्हता, त्यामुळे हात भराभर चालला. ज्यांना रोज पाहिलं त्यांच्याविषयी लिहायला बसलो की अडखळायला होतं. काही कमीजास्त झालं तर ते माझं अज्ञान समजावं.

तर घेवरचंदकाका खांबाला हात लावल्याशिवाय मागे वळत नसत.

जुन्या जालन्यात, मस्तगडाला, आमची भाड्याची खोली आणि त्यांचं दुमजली घर एकाच गल्लीत. समजा ते घरातून निघाले आणि चार दारं पुढे गेल्यावर त्यांना आठवलं, की चष्मा राहिला. तुम्ही-आम्ही तिथल्या तिथे वळू. काका वळत नसत. ते तसेच सरळ जात, कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला हात लावत आणि मगच फिरून घरी येत. त्यांची भाभी चष्मा घेऊन दारात उभी असली तरी फरक पडत नसे.

“देवरजी, ये रहा चष्मा!”

“आलो, आलो,” काका पुढे बघत म्हणत. “खांबाशिवाय वळायचं न्हाई.”

हा नियम खो-खोचा. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत त्याला उलटं फिरता येत नाही. फिरला तर फाऊल. मैदानात हा नियम सगळेच पाळतात. काकांनी तो गल्लीत आणला होता.

एकदा वीजवाल्यांनी आमच्या भागातले जुने खांब काढले आणि नवे रोवायचे राहिले. नेमके त्याच सकाळी काका दूध आणायला निघाले. दूध घेतलं, आता वळायचं, तर कोपऱ्यावर खांब नाही. पुढच्या चौकात नाही. त्याच्या पुढेही नाही. कोणी म्हणतं त्यांना त्या दिवशी बसस्टँडाजवळ पाहिलं, कोणी म्हणतं त्याच्याही पुढे. परत आले तेव्हा चैत्रातलं ऊन डोक्यावर आलं होतं आणि दूध नासलं होतं. भाभींनी कपाळाला हात लावला आणि त्या दुधाचा कलाकंद केला. वाटीभर आमच्याकडेही आला. काकांच्या नियमांविषयी मला आदर वाटू लागला तो तेव्हापासून.

त्यांचं घराणं फार मागे राजस्थानातून आलेलं. मोंढ्यात धान्याची आडत होती. थोरले भाऊ गादीवर बसत, आबा त्याच दुकानात पोती उचलत. घेवरचंदकाका धाकटे. धोतर, बंडी, आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. गादीवर त्यांची जागा राखलेली होती, पण तिथे ते फार टिकत नसत. “बसायचं ते उठायसाठी,” असं त्यांचं म्हणणं. “जो नुसता बसला, तो बाद.”

लग्न झालं नव्हतं. सांगतात, की तरुणपणी एकदा मुलगी पाहायला गेले, तेव्हा मुलीच्या वडिलांनी विचारलं, काय करता? काका म्हणाले, खो-खो. “वो तो ठीक है, लेकिन काम?” “वोहीच काम.” त्यावर सरबत आलं, आणि ते पिऊन सगळे उठले.

नुसतं खांबाचंच नव्हतं. काका लोकांना खो देत. बँकेच्या रांगेत, न्हाव्याच्या बाकावर, मोंढ्यातल्या हर्राशीत म्हणजे लिलावात, कुणीही बसलेला दिसला आणि काकांना तिथे बसायचं असलं, तर ते मागून येऊन पाठीवर हात मारत आणि खणखणीत आवाजात म्हणत, “खो!” आणि आश्चर्य असं, की माणूस उठे. शाळेत प्रत्येकाच्या अंगात तो शब्द कधी ना कधी भिनलेला असतो. उठल्यावर त्याला कळे, की आपण का उठलो. तोवर काका बसलेले असत.

शिवाय त्यांचा उजवा हात कायम पांढरा. रोज पहाटे ते मैदानात फक्की मारत; फक्की म्हणजे आखायची चुन्याची भुकटी. तो हात कितीही झटकला तरी पुरता साफ होत नसे. त्यामुळे जुन्या जालन्यात पाठीवर पांढरा पंजा घेऊन फिरणारी बरीच माणसं दिसत. एका लग्नाच्या पंगतीत काकांनी अशाच एका पाठीला खो दिला. ते निघाले तहसीलदार. सगळी पंगत गार झाली. पण साहेब उठले, आणि उठून दोन पावलं चक्क पळाले. मग थांबून, लाजून हसले. “शाळेत असताना मी बरा खेळायचो,” म्हणाले. जेवण होईपर्यंत कोटावरचा पंजा त्यांना कोणी सांगितला नाही.

आता मैदानाकडे येतो.

आमच्या वस्तीमागे पालिकेचं जुनं मैदान होतं. मैदान म्हणायचं एवढंच. भिंत दोन ठिकाणी पडलेली. फुटबॉलचा एक खांब उभा होता आणि त्याला दोरी बांधून धुणी वाळत. उन्हाळ्यात लग्नाचे मांडव, मधूनच सर्कस, एरवी बकऱ्या. पोरं क्रिकेट खेळत, पण चेंडू बाभळीत गेला की खेळ संपे. या सगळ्यात उत्तरेच्या कोपऱ्यात एवढा एक तुकडा स्वच्छ असे. दोन टोकांना तेल लावलेले लाकडी खांब, त्यांच्यामध्ये सरळ रेघ, तिला छेदणाऱ्या आडव्या पाट्या आणि छेदावर बसायचे आठ चौकोन. तिथे घेवरचंदकाकांचा मुलींचा संघ खेळे.

माझी ताई सुनीता त्यांना मोंढ्यात सापडली. ती आबांची भाकरी घेऊन आली होती आणि एक मोकाट बैल तिच्या मागे लागला. ताई पोत्यांच्या थप्प्यांमधून अशी काही हुलकावण्या देत पळाली, की बैल शेवटी एका थप्पीवर आदळून उभा राहिला. हमाल काठ्या घेऊन धावले. काका गादीवर उभे राहून ओरडले, “बैल बाद!”

संध्याकाळी ते आमच्या खोलीवर आले. आबांनी घाईने पोतं अंथरलं.

“पोरगी मैदानात धाड,” काका म्हणाले.

“शेठ, पोरीची जात. लोक काय म्हणतील?”

“लोकाचं राहू दे. बैल काय म्हणला ते इचार.” मग आवाज उतरवून म्हणाले, “चुलीपाशी तर तिला जायचंच हाय की रे. जाईपातुर पळू दे.”

दुकानाच्या मालकाच्या भावाला आबा नाही कसं म्हणणार? एवढंच म्हणाले, की दिवेलागणीच्या आत पोरगी घरात पाहिजे. खेळाकडे मात्र त्यांनी पाठच फिरवली. मैदानावरून जायचा जवळचा रस्ता सोडून ते लांबून येऊ लागले.

नसीमची गोष्ट आणखी वेगळी. तिचे अब्बा रजया भरत. ती पळताना काकांनी कुठेतरी पाहिलं आणि विचारायला तिच्या घरी गेले. तिची अम्मी म्हणाली, बिलकुल नाही. आता काका परतले असते. पण तो बोळ पुढे बंद होता आणि त्यात एकही खांब नव्हता. नियमाप्रमाणे वळता येईना. ते ओट्यावर बसून राहिले. अम्मीने एकदा चहा दिला. पुन्हा दिला. दुपार कलली. शेवटी ती पडद्याआडून म्हणाली, “ले जाओ लड़की को मैदान में, मगर पहले आप जाओ!”

“जातो की. पर खांब?”

नसीमनेच मग कापूस झोडायची काठी आणून बोळाच्या तोंडाशी उभी धरली. काकांनी काठीला हात लावला आणि वळले. जाताना म्हणाले, “हिला नियम न सांगता कळला. उद्यापासून हिला मधी बसवा.”

असा तो संघ. हमालाची, रजईवाल्याची, शिंप्याची, धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाईची, अशा मुली. धान्याच्या ट्रकमध्ये पोत्यांवर बसून त्या सामन्यांना जात आणि जिंकून आल्या की त्याच पोत्यांवर उभं राहून ओरडत. काका पुढे ड्रायव्हरशेजारी. परतीच्या वाटेवर ते ड्रायव्हरला उलटं वळू देत नसत एवढंच. वाट चुकली तरी पुढचा मैलाचा दगड येईपर्यंत सरळ.

काका शिकवत कसे, ते मला नीट सांगता येणार नाही. ते फार ओरडत, हे खरं. “अगं, तू काय हळदीकुंकवाला आलीस का? उठ जल्दी!” पण मुली घाबरत नसत. ताई घरी त्यांची नक्कल करी आणि आई पदरात तोंड घालून हसे. नववीपर्यंत जी मुलगी पाहुणा आला की दाराआड जाई, ती आता दुकानदाराला वजन बराबर कर म्हणून सांगू लागली होती.

मग एकेकीची लग्नं झाली, आणि नव्या मुली काही आल्या नाहीत. ताईचं अंकुशनगरला ठरलं. मुलगा साखर कारखान्यात कामाला. लग्न मैदानाशेजारच्या मोकळ्या जागेतच झालं. पाठवणीची वेळ आली, जीप लागली, आणि ताई सतरंजीवरून उठेना. आईचा हात धरून नुसती रडत बसली. आत्या समजावू लागली, मामी समजावू लागली. वरपक्षाची माणसं घड्याळं पाहू लागली. आबा जीपच्या पलीकडे तोंड करून उभे.

तेवढ्यात काका मागून आले. वाकले. ताईच्या पाठीवर हात मारला आणि म्हणाले, “खो.”

ताई उठली.

रडतच उठली, पण उठली, आणि थेट जीपकडे गेली. मागे वळली नाही. आणि काका खाली सतरंजीवर बसले, ती बसली होती तिथे, मांडी घालून. खो देणाऱ्याने उठलेल्याची जागा घ्यायची असते, तो नियमच आहे. तिथूनच ओरडून म्हणाले, “जा बिनघोर. तुझी जागा म्या धरून बसलो. पंचमीला ये!”

शालूवर पाठीमागे पांढरा पंजा उमटला होता. सासरी तिच्या सासूने विचारलं, ही काय तुमच्याकडची रीत आहे का? ताई म्हणाली, हो.

पुढे नसीमलाही त्यांनी असाच खो दिला, आणि इतरही सगळ्यांना. दरवर्षी नागपंचमीला लेकी माहेरी येत. बाकीच्या झोक्यावर जात, या मैदानात जमत. नसीमही पंचमीलाच माहेरी येई. तिच्या अम्मीने आता विचारायचंच सोडलं होतं. पदर खोचून, तोंडात पुरणाचा घास तसाच, त्या एक डाव खेळत. ज्या आल्या नसतील त्यांच्या चौकोनात काका बसत. एरवी वर्षभर तिथे कोणी खेळत नसलं तरी ते रोज पहाटे फक्की मारत. मी एकदा विचारलं, “काका, पंचमीला तर अवकाश आहे.”

“तुला काय ठावं, प्रोफेसर,” ते म्हणाले. मी तेव्हा नुकताच कॉलेजात जाऊ लागलो होतो. “लेक माहेरी काय सांगून येती का?”

अशात बातमी आली, की मैदान मोडून तिथे उद्यान होणार.

खरं सांगायचं तर सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला. बायकांना घटकाभर बसायला आमच्या भागात जागाच नव्हती. आई म्हणाली, “झाड असंल, बाकडं असंल, बरंच की.” फक्त काका हादरले. ते मला घेऊन पालिकेच्या कचेरीत ओव्हरसियरकडे गेले. “विंग्रजी निघालं तर तू बोल,” असं त्यांनी मला बजावलं होतं. ओव्हरसियर साहेब पूर्ण वेळ मराठीत बोलले, आणि मी पूर्ण वेळ उभा होतो.

“काकाजी, मैदान काही तुमचं नाही,” साहेब सौम्यपणे म्हणाले.

“माझं न्हाईच. पोरींचं हाय.”

“कुठे आहेत पोरी?”

“सासरी.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

“पंचमीला येतील त्या, तवा त्याइला काय दावू?”

“कारंजं दाखवा की. मध्ये गोल कारंजं आहे, भोवती वळणावळणाच्या वाटा. नकाशा पाहा.”

काकांनी नकाशा पाहिला. “ह्यात खांबच न्हाई,” ते म्हणाले. “माणूस वळंल कुठून?”

नागरिकांच्या बैठकीतही तेच झालं. सगळ्यांनी उद्यानाला हात वर केले. काकांचा एकट्याचा हात खाली राहिला, पांढरा. बैठक संपल्यावर थोरले भाऊ म्हणाले, “घेवर, अब तो मुड़ जा.” दुसऱ्या दिवशी पहाटे काका फक्कीचं घमेलं घेऊन मैदानात गेले. खांब अजून आला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

आता जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, तरी कधी कधी मलाच खरं वाटत नाही.

काम सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी ओव्हरसियर साहेब आले आणि वळणावळणाच्या वाटा फक्कीने आखून गेले. त्यांच्या भाचीचं लग्न होतं. मामा अंतरपाटाला हवा, म्हणून ते त्याच संध्याकाळच्या गाडीने गेले. जाताना मुकादमाला सांगून गेले, “फक्कीवर खोदा, चौकोनात बाकडी, टोकाला दिवे. बाकी काही डोकं चालवू नका.” त्यानंतर बाजाराला आलेल्या बकऱ्यांचा कळप मैदानात मुक्कामाला उतरला. सकाळपर्यंत साहेबांच्या वाटा खुरांनी पुसून गेल्या. पहाटे काका आले आणि त्यांनी नेहमीप्रमाणे आपल्या रेघा मारल्या. मग मजूर आले. त्यांना मैदानात पांढऱ्याशुभ्र, सरळ, ठसठशीत रेघा दिसल्या, आणि त्यांनी कुदळी उचलल्या.

काकांना वाटलं, साहेबांना पाझर फुटला. साहेबांनीच आपलं मैदान पक्कं करायला घेतलं, असं ते समजले. ते मुकादमापाशी जाऊन उभे राहिले. मुकादमाला वाटलं, हे शेठ म्हणजे उद्यान कमिटीचे कोणीतरी.

“शेठ, हे चौकोन बसायचेच ना?” त्याने विचारलं.

“बराबर. बसायचेच.”

“तोंड कुणीकडं करून?”

इतक्या वर्षांत हे कोणी मोठ्या माणसाने काकांना आपणहून विचारलं नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला. “एकाचं इकडं, दुसऱ्याचं तिकडं. परत इकडं, परत तिकडं. शेजाऱ्याचं अन् आपलं तोंड कधी एकीकडं करायचं न्हाई, काय?”

“अन् टोकाला?”

“टोकाला खांब! खांबाबिगर कसं चालंल?”

“चालायचं न्हाईच,” मुकादम म्हणाला. साहेबही त्याला टोकाला दिवे सांगून गेले होते.

साहेब लग्न आणि रजा उरकून पंधरा दिवसांनी परतले तेव्हा काका पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांच्या दारात उभे. “साहेब, तुमी माणूस मोठे. उपकार झाले.” साहेबांना वाटलं, भाचीच्या लग्नाचे पेढे. त्यांनी एक खाल्ला, बायकोला दिला, आणि मग काम पाहायला आले.

मधोमध फरशीची सरळ वाट. तिला छेदणाऱ्या आडव्या वाटा. छेदावर सिमेंटची आठ बाकडी, एक पूर्वेला तोंड करून, एक पश्चिमेला. दोन टोकांना दोन लोखंडी खांब.

साहेबांच्या तोंडात पेढा होता म्हणतात.

“तुम्हीच म्हणल्ते, फक्कीवर खांदा,” मुकादम म्हणाला. “आमी फक्कीवर खांदलं.”

मी काकांना नंतर विचारलं, की तुम्ही साहेबांच्या रेघा पुसल्या नाहीत ना? ते खरोखर दुखावले. “दुसऱ्याची फक्की पुसणं फाऊल हाय रे,” म्हणाले. सगळं पुन्हा खोदायचं म्हणजे वरून पुन्हा मंजुरी आणणं आलं. साहेबांनी विचार केला आणि कारंजं एका कोपऱ्यात सरकवलं. उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्यांनी उद्यानाच्या आधुनिक रचनेचं कौतुक केलं.

लोकांना मात्र त्या बाकड्यांचा उलगडा होईना. दोन शेजारणी बोलायला बसल्या, की एकीचं तोंड मोंढ्याकडे आणि दुसरीचं मस्तगडाकडे. माना वळवून वळवून आईची मान धरली. वाटणीवरून बोलणं बंद झालेले दोन भाऊ तेवढे खूष होते. त्यांना एकाच उद्यानात येता येऊ लागलं. काका संध्याकाळी मधल्या वाटेवर फेऱ्या मारत, खांबाला हात लावत, वळत. त्यांच्यासारखे वळणारे आणखी काही म्हातारे तयार झाले. एका डॉक्टरांनी सांगितलं, की त्याने चांगला व्यायाम होतो.

पण दारावर पाटी होती: गवतावर चालू नये, धावू नये, खेळू नये. आणि पाटीखाली शिट्टी घेऊन रखवालदार.

काकांनी पाटी दोनदा वाचली. “मंग काय करावं?” त्यांनी विचारलं.

“बसावं,” रखवालदार म्हणाला.

त्या वर्षीच्या पंचमीला मी आईला घेऊन उद्यानात गेलो होतो. झोक्यांवर गर्दी होती. मैदानात, म्हणजे बाकड्यांवर, कोणी नव्हतं. एकटे काका होते. धुतलेलं धोतर, बुटांना खडू लावलेला. ते एका बाकड्यावर बसले, थोड्या वेळाने उठले, पुढच्या बाकड्यावर तोंड फिरवून बसले. मग त्याच्या पुढच्या. मला आधी गंमत वाटली. मग लक्षात आलं, की कोणीच आलं नव्हतं, म्हणून ते सगळ्यांच्या जागा धरत होते. एकट्या माणसाला हे कसं जमणार?

मी शेजारच्या बाकड्यावर जाऊन बसलो. माझं तोंड अर्थातच दुसरीकडे झालं.

“त्याइला कळलं असंल, मैदान गेलं,” माझ्या पाठीमागून त्यांचा आवाज आला. “मैदान गेलं म्हणल्यावर कशाला येतील?” मग म्हणाले, “आमच्या दुकानात गादी हाय माझी. घरात खोली हाय. कमी काही न्हाई. पर प्रोफेसर, माणूस येणार म्हणून जागा धरून बसलं ना, की बसावं वाटतं.”

त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, आणि ते बरं झालं असं वाटलं.

पुढच्या महिन्यात मी अंकुशनगरला ताईकडे गेलो. खरोखरच तिला तसंच कळलं होतं: मैदान मोडलं, बगीचा झाला. “मग कशाला जीव जाळायला यायचं?” ती म्हणाली. शिवाय सासू अंथरुणाला, लेकरांच्या शाळा. मी तिला अंगणात काडीने काढून दाखवलं. ही मधली वाट. ह्या आडव्या. इथे बाकडी, एक इकडे तोंड, एक तिकडे. इथे खांब, इथे खांब. ताई आधी हसली. हसत हसत खाली बसली. मग त्या रेघांकडे पाहत म्हणाली, “माझं बाकडं कोणीकडं तोंड करून आहे?”

मी म्हणालो, “कारंज्याकडं.”

त्यानंतर मी एम. ए. साठी औरंगाबादला आलो. पुढच्या पंचमीला ताईची सासू वारली, ताईला येता आलं नाही. त्याच हिवाळ्यात काकांच्या डाव्या बाजूवरून वारं गेलं. काठी आली. उद्यानात त्यांना कोणीतरी सोडतं आणि कोणीतरी नेतं, फेऱ्या बंद झाल्या, एवढं कानावर आलं. यंदाच्या पंचमीला माझी परीक्षा होती. मी गेलो नाही. घरचं काही कळलंही नाही.

परवा आबा होस्टेलवर आले. मोंढ्यातला ट्रक इकडे माल घेऊन येणार होता, त्यात बसून. बरोबर भाकरी, ठेचा, आणि आईने दिलेली सुपारीएवढी चिंचेची गोळी. माझ्या खोलीत खुर्ची एकच, त्यावर ते बसेनात. खाली भिंतीला टेकून बसले. पोतं कुणी कमी उचललं, पाऊस कसा, असं सगळं सांगून झालं. उठता उठता म्हणाले,

“पंचमीला सुनी आल्ती. सगळ्याच आल्त्या. सुनीनं निरोप फिरवल्ता वाटतं. ती रजईवाल्याची बी आल्ती, परभणीहून.”

“उद्यानात?”

“मंग? पदर खोचून बसल्या की बाकड्यावर. एकीचं तोंड हिकडं, एकीचं तिकडं. लेकरं गवतावर. रखवालदार बोंबलून राह्यला, धावू नका, धावू नका. आयकंना कोणी, तर त्यानं जोरात शिट्टी मारली.” आबा हसले. “शिट्टी वाजल्याबराबर सुनी पळत सुटली. त्याइला वाटलं, डाव सुरू झाला.”

“आणि काका?”

“शेठ बाकड्यावर बसल्ते. सुनीच्या. त्याइला उठता येत न्हाई आता, कोणी धरल्याबिगर. सुनी फेरा मारून मागून आली. हाताला रांगोळी लावून आल्ती, घरूनच, पुडी बांधून. पाठीवर हात मारला अन् म्हणली, खो, काका.”

मी आबांकडे पाहत राहिलो. मैदानाचा जवळचा रस्ता टाळून इतकी वर्षं लांबून आलेला माणूस.

“तुम्ही कुठे होता?” मी विचारलं.

“भिताडापाशी. मधी एवढं पडल्यालं हाय ना, तिथून समदं दिसतं. पहिल्यापासून दिसतं.”

“मग उठले काका?”

“उठले. काठी तिथंच राह्यली. मी म्हणलं, आता पडतात. समद्या हात पुढं करून उभ्या, पर कोणी धरलं न्हाई. सुनी बसली त्याइच्या जागी. म्हणली, काका, आता जागा म्या धरली, तुमी जा बिनघोर.” आबांनी पिशवीची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा केली. “चालले मंग. एक पाय वढत वढत, पर सरळ. बंडीवर मागं ह्यो एवढा पांढरा पंजा. मधी कोणी हाक मारली तरी फिरले न्हाईत.”

“आणि?”

“आणि काय. खांबापातुर गेले. खांबाला हात लावला,” आबा म्हणाले, “मंग वळले.”